बेटावर ठेवलेला भात

कनूच्या सणाच्या दिवशी अण्णाने आम्हा बहिणींना नावेत बसवून तिट्टूवर नेलं. अक्काने वाळूवर भात ठेवला. कावळा येईना, म्हणून अण्णाने हाका मारल्या. कावळा आला.

त्या दिवशी काय झालं, ते कळायला चैत्र यावा लागला.

अण्णा म्हणजे माझा भाऊ. अक्का आम्हा दोघांहून मोठी. आई गेली तेव्हा अक्का नुकती लुगडं नेसायला लागली होती आणि आम्हाला तिनेच वाढवलं. ही गोष्ट ती कधी विसरली नाही आणि तिने आम्हालाही विसरू दिली नाही. मद्रासला वेस्ट मांबलममध्ये एका घराच्या मागच्या पोर्शनमध्ये मी आणि अण्णा राहायचो, दोघेही बिनलग्नाचे. तो एका हायस्कुलात जीवशास्त्र शिकवायचा, मी मुलींच्या शाळेत इतिहास. अक्काचं घर स्टेशनजवळच्या गल्लीत होतं. संध्याकाळी ती यायची, आमची भांडी उलटी करून त्यांचे तळ पाहायची, आणि मग बोलायला बसायची. आमची मराठी तंजावरची, म्हणजे जुनी आणि अर्धी तमिळ. अक्का त्या मराठीत जे बोलायची ते लागायचं फार.

तिट्टू हा तमिळ शब्द. पाण्यातला उंचवटा, लहानसं बेट. अडयार नदी समुद्राला मिळते तिथे नदी आधी पसरते, थांबते, वाळूने अडते आणि मग कशीबशी वाट काढते. त्या पसरलेल्या पाण्यात असा एक तिट्टू होता. त्यावर झाड नव्हतं. वाळू, शिंपले, कडेकडेने मर्यादवेल, तिची जांभळी फुलं. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडच्या माणसाला हाक मारली तर ऐकू जाईल, एवढीच त्याची लांबी. पलीकडच्या काठावर कुप्पम, म्हणजे कोळ्यांची वस्ती होती आणि तिथे सुकत घातलेल्या मासळीवर कावळ्यांची कायम झुंबड असायची. रिकाम्या वाळूवर येण्याचं त्या कावळ्यांना काही कारण नव्हतं.

चैत्र लागला की तिट्टूवर सुरय पक्षी यायचे. पांढरे, चिमणीपेक्षा थोडे मोठे, डोक्यावर काळी टोपी, पिवळी चोच. ते घरटं बांधत नाहीत. वाळूत छातीने खळगी करतात आणि तिच्यात अंडी घालतात. अंडी वाळूच्याच रंगाची, वर ठिपके. पायाखाली येईपर्यंत माणसाला दिसत नाहीत. अण्णाने मला ती पहिल्यांदा दाखवली तेव्हा मी त्यांच्याकडेच बघत होते आणि मला ती दिसत नव्हती. तो गुडघ्यांवर बसला आणि त्याने बोट दाखवलं. त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते मी घरात कधी पाहिलं नव्हतं. अण्णा बोलका नव्हता. ट्रामच्या दिवसांपासूनचा त्याचा एक जुना काळा कोट होता, तो घालून तो शाळेत जायचा, परत यायचा, वाचत बसायचा. त्याच्या आयुष्यात त्याने स्वतःसाठी मागितलेली एकच गोष्ट मला ठाऊक आहे, आणि ती म्हणजे ती वाळू.

ती वाळू दुसऱ्या एकानेही मागितली होती. एका ठेकेदाराला तिथे रविवारच्या सहलींसाठी छपरी घालायची होती, कॉफीचं दुकान, दोन झोपाळे, काठावरून नावांची ये-जा. मद्रास वाढत होतं, सरकारी नोकरीची माणसं दरवर्षी नव्याने येत होती, आणि रविवारी मुलाबाळांना न्यायचं कुठे हा प्रश्न खराच होता. अण्णाही तो खोटा म्हणत नव्हता. किनाऱ्यावरच्या जागा भाड्याने देणारं जे खातं होतं, त्याच्या साहेबांच्या घरी तो मला घेऊन गेला. एकट्याने बोलायला त्याला भीती वाटत होती.

साहेब ओसरीवर झोपाळ्यावर बसले होते. सभ्य माणूस. आम्हाला कॉफी दिली.

"मास्तर, बेट पाखरांना दिलं तर उद्या लोक विचारतील, हे सरकार कुणाचं? मतं माणसं देतात."

"दोघांना पुरेल, सर," अण्णा म्हणाला.

"कसं पुरेल?"

अण्णाने सांगितलं. बेटाच्या मधोमध सुंभाची दोरी बांधायची. काठाकडची बाजू लोकांची, समुद्राकडची पाखरांची. चैत्र ते ज्येष्ठ नावा थोड्या, आरडाओरडा नाही. लोकांना लांबून पाखरं दाखवायची, समजावून सांगायचं. ज्याने एकदा अंडं पाहिलं तो त्यावर पाय देणार नाही.

"तुमचा माणसांवर बराच विश्वास आहे," साहेब म्हणाले. "शिक्षक आहात म्हणून असेल." मग त्यांनी झोपाळा थांबवला. "एक हंगाम बघू. लोकही आले आणि पिल्लंही निघाली, तर तुमची दोरी कायमची. पिल्लं निघाली नाहीत तर सगळं बेट ठेकेदाराचं. कबूल?"

अण्णा म्हणाला, कबूल.

घरी येताना बसमध्ये तो खिडकीबाहेर बघत होता आणि मधूनच हसत होता.

कनू पौषात येतो, पोंगलच्या दुसऱ्या दिवशी. महाराष्ट्रातल्या बायकांना हा सण माहीत नाही. आमच्या पूर्वजांनी तो तंजावरात उचलला आणि आपलाच करून टाकला. बहिणी सकाळी अंघोळीच्या आधी हळदीच्या पानावर आदल्या दिवशीचा भात ठेवतात, मुठीएवढे गोळे, एक हळदीचा पिवळा, एक कुंकवाचा लाल, एक दह्याचा पांढरा. शेजारी गूळभात, केळं, उसाचे तुकडे. कावळ्यांना बोलावतात. कावळ्यांचा थवा एकत्र राहतो तसा आमचा भाऊ आमच्याजवळ राहो, त्याला आयुष्य मिळो, असं म्हणतात. कावळ्याने भात खाल्ला की मग अंघोळ, आणि मग चित्रान्न, लिंबाचं, चिंचेचं, नारळाचं, शेवटी दहीभात. जमलं तर हे सगळं नदीकाठी करायचं.

साहेबांच्या बायकोने अण्णाला निरोप पाठवला की यंदा कनू तिट्टूवर करावा असं तिच्या मनात आहे. अण्णाला फार आनंद झाला. तो म्हणाला, लोकांना ती जागा आपली वाटली पाहिजे, आणि सणाइतकं जागेला आपलं करणारं काय आहे? पक्षी यायला अजून अवकाश होता. वाळू मोकळी होती. बायका येतील, भात ठेवतील, नदीत बुडी मारतील, जातील. त्यात वाईट काय, हे तेव्हा मलाही दिसलं नाही, आणि दिसायला हवं होतं असं मी आजही म्हणणार नाही.

आम्ही दोन नावांतून गेलो. अक्का, मी, साहेबांची बायको आणि तिच्या नणंदा, शेजारच्या दोघी. पाणी थंड होतं. सगळ्यांनी पानं मांडली. बायका "का का" करू लागल्या. कुप्पमाच्या बाजूला कावळे दिसत होते, पण येत नव्हते.

साहेबांची बायको कंटाळली. नणंदा हसायला लागल्या. अक्का हसली नाही. तिचं एक होतं, कावळा शिवल्याशिवाय ती पाणीही घेणार नव्हती. ऊन वर आलं.

"पोदुम, अक्का," अण्णा म्हणाला. पुरे आता. "घरी जाऊन ठेव. मांबलमचे कावळे भुकेले असतील."

"ठेवलेलं पान उचलू? तुझ्या नावाचं?"

"कावळ्याला माझं नाव कळतं होय?"

"तुला थट्टा सुचते. तुझ्या आधीचे दोन गेले ते ठाऊक आहे ना? आई कनूला आजारी होती, पान ठेवायचं राहिलं त्या वर्षी."

आमच्या आधी आईला दोन मुलगे झाले होते आणि राहिले नव्हते. अक्का ही गोष्ट क्वचित काढायची, आणि काढली की तिच्यापुढे कुणाचं चालायचं नाही. अण्णा उठला. कोट काढून ठेवला, पाण्याच्या कडेला गेला, दोन्ही हात तोंडाशी धरून त्याने हाका घातल्या. लहानपणी तंजावरला गच्चीवरून तो हाका घालायचा, तशाच अगदी. मग त्याने गूळभात घेतला आणि तो कावळ्यांना दिसावा म्हणून हवेत उंच फेकला. पुन्हा फेकला. कुप्पमाकडून एक कावळा उठला, पाण्यावरून आला, डोक्यावर घिरटी घालून वाळूवर उतरला. मान वाकडी करून त्याने अण्णाकडे पाहिलं. मग लाल गोळा उचलला.

अक्काने हात जोडले. "ये रे, ये," अण्णा म्हणाला. त्याच्यामागून दुसरा आला, मग पाच-सहा, मग मोजायचं कुणी मनात आणलं नाही. बायकांनी आनंदाने उरलेलं सगळं त्यांच्यापुढे ओतलं.

साहेबांची बायको बऱ्याच जणींना ओळखत होती. कनू तिट्टूवर किती छान झाला ही बातमी पसरली. रविवारी नावा जाऊ लागल्या. दोरी बांधलेली होती आणि लोक ती पाळत होते, हे मला सांगितलंच पाहिजे. अण्णा काठाकडच्या बाजूला उभा राहून बोलायचा, लोक ऐकायचे, मुलं शिंपले गोळा करायची. मग डबे उघडायचे. आणि तिट्टूवर आलं की कावळ्यांना भात घालायचा, ही रीतच होऊन बसली. ज्यांना भाऊ नव्हते त्याही घालायच्या. पुरुषही घालायचे. महाराष्ट्रातून बदली होऊन आलेली एक बाई मला म्हणाली, तुमच्या बेटावरचे कावळे किती माणसाळलेले आहेत हो.

पहिले सुरय आले तेव्हा अण्णाने मला शाळेतून परस्पर तिकडे नेलं. ते दोरीच्या पलीकडे उतरले होते, त्यांच्या वाट्याच्या बाजूला, जणू त्यांना करार वाचून दाखवला होता. नर चोचीत मासा धरून मादीपुढे मिरवत होते. काही दिवसांत अंडी दिसली. अण्णाने लोकांना लांबून ती कुठे आहेत ते दाखवलं आणि खरंच, कुणी पाय दिला नाही. एकही माणूस दोरी ओलांडून गेला नाही. त्याचं सगळं म्हणणं बरोबर निघालं.

दोरी माणसांसाठी होती. कावळे आता तिट्टूवरच असायचे. भात संपला की ते दोरीच्या पलीकडे चालत जायचे. उडतही नसत, चालत जायचे, आजूबाजूला बघत, बाजारात आल्यासारखे. सुरय त्यांच्यावर झडप घालायचे, किंचाळायचे. कावळा मान खाली घालायचा, एक अंडं उचलायचा आणि दोन पावलं बाजूला जाऊन खायचा.

अण्णा साहेबांकडे गेला. मी बरोबर होते. त्याने सांगितलं, भात बंद करा, निदान दोन महिने नावा बंद करा.

"मास्तर," साहेब म्हणाले, "लोक आले तरी चालतं हे तुम्हीच दाखवलंत. आता लोक येऊ लागले तर बंद करा म्हणता."

"लोकांचं काही नाही, सर. कावळे."

"कावळ्यांना खातं नोटीस काढत नाही." ते हसले. आत जाणाऱ्या बायकोला म्हणाले, "ऐकलंस का, मास्तर म्हणतात तुझा कनू नको." ती थांबली, अण्णाकडे बघितलं आणि आत गेली. कॉफी आली नाही.

भाताची गोष्ट अण्णाने अक्काला सांगितली त्या संध्याकाळी मी भाजी चिरत होते. तो हळू बोलत होता, शब्द शोधून. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे माझ्या हातून झालं म्हणतोस, तंबी." तंबी म्हणजे धाकटा भाऊ.

"तुझ्या नाही. कावळ्याला मी बोलावलं."

"मग झालं तर. तू बोलावलास, आता तूच हाकलतोस." तिने माझ्याकडे वळून पाहिलं. "कावळा कोण असतो ते ह्याला शाळेत शिकवलं नाही वाटतं. बेडूक कापायला शिकवलं." मग पुन्हा त्याच्याकडे. "त्यात आई असेल. कशास हाकलतोस तिला? जिवंत असताना एकदा धडपणे जेवू घातलं होतंस?"

आई गेली तेव्हा अण्णाला स्वतःच्या हाताने नीट जेवताही येत नव्हतं. मी म्हणाले, "अक्का, सरी, बस, राहू दे." ती मला म्हणाली, "तू गप. तुझ्यासाठी कुणी कावळ्याला बोलावत नाही."

उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि अण्णा रोज तिट्टूवर जाऊन बसू लागला. झावळ्यांचा एक आडोसा केला, काठीला फडकं बांधलं. कावळा दोरीपलीकडे गेला की धावायचा. तो धावला की सुरय उठायचे, आणि सुरय उठले की अंडी उघडी पडायची. मेमधलं मद्रासचं ऊन अंड्याला फार वेळ देत नाही. हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. तो बसला तर कावळे खायचे, उठला तर ऊन खायचं. दोन्हींतलं कमी वाईट काय, हे तो रोज सकाळी नव्याने ठरवायचा.

त्याला बघायला लोक येऊ लागले. चष्मा लावलेला, डोक्याला पंचा गुंडाळलेला, मध्यमवयीन मास्तर काठी घेऊन कावळ्यांमागे धावतो, वाळूत पाय रुततो, पडतो, उठतो. सिनेमापेक्षा स्वस्त. मुलांनी त्याला नाव ठेवलं, काक्का वाद्यार, कावळेमास्तर. त्याच्याच शाळेतले विद्यार्थी नावेतून ओरडायचे, "वाद्यार, डावीकडे एक राहिला." आणि त्याने वळून पाहिलं की हसायचे. काही जण मुद्दाम दोरीजवळ भात टाकायचे, म्हणजे तो पळेल.

नावाडी त्याच्याशी नेहमी आदराने बोलायचा. एकदा मी डबा घेऊन गेले तेव्हा तो अण्णाजवळ येऊन उकिडवा बसला.

"सार, एक सांगू? रागावू नका."

"सांग."

"सकाळी तुम्ही उगाच दमता. सकाळी कोण असतं बघायला? चारनंतर पळा. चारनंतर माझ्या तिन्ही नावा भरून येतात."

अण्णाने त्याच्याकडे पाहिलं आणि तो हसला. मला वाटतं, त्या हंगामात तो मनापासून हसला असा तो एकच प्रसंग. "चारनंतर या म्हणून कावळ्यांना सांगतो," तो म्हणाला.

अक्का तिकडे जायची हे मला नंतर कळलं, आणि तिने ते लपवलंही नव्हतं. अण्णा कावळ्यांना हाकलतो म्हणजे पितरांना हाकलतो, त्याचं त्याला भोवणार, ते निवारायला तिने नेम धरला होता. शुक्रवारी दुपारी अण्णा जेवून डोळे मिटायला काठावरच्या एका ओळखीच्या घरी जायचा, तेवढ्यात ती साहेबांच्या बायकोबरोबर नावेतून यायची आणि समुद्राकडच्या बाजूला, जिथे तो हाकलायचा नेमकी तिथेच, भात ठेवायची. प्रायश्चित्त जिथे पाप झालं तिथेच करायचं असतं, असं ती म्हणाली. एका शुक्रवारी अण्णा लवकर परतला. दोरीच्या आत, खळग्यांच्या मधोमध, हळदीची पानं मांडलेली होती आणि अक्का हात जोडून उभी होती. तिच्या पायांजवळ काय होतं ते तिला दिसत नव्हतं. ती अंडी कुणालाच दिसत नाहीत.

त्याने घरी येऊन मला एवढंच सांगितलं, "अक्काच्या टाचेला बलक लागला होता. मी तिला पाय धुवायला पाणी दिलं."

"काही बोलला नाहीस?"

"ती माझ्यासाठीच करत होती."

मला त्याचा राग आला. तो राग अजून गेलेला नाही, पण कुणावर आहे ते आता नीट सांगता येत नाही.

मेच्या शेवटी मर्यादवेलीच्या आडोशाला एक खळगी शाबूत राहिली होती. तिच्यातून एक पिल्लू निघालं. वाळूच्या रंगाचं, कापसाच्या बोळ्यासारखं. अण्णाने त्याच दिवशी साहेबांना निरोप पाठवला. अट पिल्लांची होती, किती ते ठरलं नव्हतं. एक पिल्लू म्हणजे पिल्लू निघालंच की. तो त्या संध्याकाळी जेवताना बोलत होता, पुढच्या वर्षी दोरीऐवजी काय करता येईल, भात काठावरच ठेवायला लावता येईल का, नावाड्याला काय समजावायचं. त्याचे ओठ फुटले होते, नाकाची साल निघाली होती. मी म्हटलं, अंगात कणकण दिसते, उद्या जाऊ नकोस. तो म्हणाला, उद्याच तर जायचं आहे.

साहेब दुसऱ्या दिवशी दुपारी आले. बरोबर बायको, ठेकेदार, आणि त्यांना बघून मागे लागलेल्या दोन नावा भरून माणसं. मीही होते. अण्णाने सगळ्यांना दोरीपाशी थांबवलं. "लांबूनच बघा," तो म्हणाला. "त्या वेलीखाली." कुणाला दिसेना. अण्णाने पुन्हा समजावलं. पुढचे मागच्यांना सांगू लागले, माणसं सरकली, बोलणी वाढली, आणि वेलीजवळची मादी उठली. तिच्यामागे पिल्लू दोन-तीन पावलं उघड्यावर आलं. तेव्हा सगळ्यांना दिसलं. "अय्यो, किती इवलं," साहेबांची बायको म्हणाली.

कावळा दोरीवरच बसला होता, माणसांच्या अगदी जवळ, कुणी काही टाकेल म्हणून. तो उतरला आणि चालत गेला. अण्णाने काठी उचलली, पण साहेब त्याच्या पुढ्यात उभे होते आणि ते बाजूला होईपर्यंत झालं होतं. मागच्या नावेतल्या कुणीतरी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं असावं, हे रोजचंच काहीतरी आहे, हेच बघायला आणलं आहे.

साहेब म्हणाले, "मास्तर, तुम्ही म्हणाला होतात, दोघांना पुरेल. आता वाटेकरी एकच राहिलाय. वाटायचं कुणाकुणात?" त्यांच्या आवाजात कुचेष्टा नव्हती. त्यांना खरोखर वाटत होतं की हिशेब मिटला. ठेकेदाराने वाळूवर पावलं टाकून लांबी मोजायला सुरुवात केली.

नावा परत गेल्या. अण्णा येईना. मी त्याला म्हटलं, चल, ऊन आहे. तो म्हणाला, मादी अजून घिरट्या घालते आहे, ती उतरेपर्यंत बसतो. ती उतरली नाही. नावाडी आम्हा दोघांना शेवटच्या फेरीत घेऊन आला तेव्हा अण्णाचं अंग तव्यासारखं तापलं होतं आणि तो नावाड्याला पुन्हा पुन्हा विचारत होता, दोरी कुणी सोडली का.

त्याला इस्पितळात नेलं. चौथ्या दिवशी तो गेला. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं, आणि आधीपासून अंगात ताप होता. अक्का म्हणाली, आईने नेलं. ती मोठ्याने रडली नाही. इस्पितळाच्या व्हरांड्यात ती मला म्हणाली, "मी भात ठेवत होते म्हणून इतके दिवस तरी राहिला." मी तिच्याकडे बघितलं. तिला ते पटलेलं होतं, पूर्णपणे, आणि त्या क्षणी मला तिचा हेवा वाटला.

दहाव्याचं सगळं अक्काच्या यजमानांनी केलं. भावोजी कमी बोलणारे होते. नदीवरून परत आले, पायांवर पाणी घेतलं आणि ओट्यावर बसले. अक्का दारातच उभी होती.

"शिवला?"

"पान ठेवलं आणि मागे वळलो, तेवढ्यात आला. भटजी म्हणाले, इतका लगेच क्वचित येतो. काही इच्छा राहिली नाही, म्हणाले."

अक्काने पदर डोळ्यांना लावला. "बघ," ती मला म्हणाली. "रागावलेला नाही कुणी. सुटला तो."

"ओळखीचा असेल," मी म्हणाले.

भावोजींनी मान वर केली. अक्का स्वयंपाकघरात गेली आणि तिने सगळ्यांची पानं वाढली. माझं वाढलं नाही. मी ते बोलायला नको होतं असं लोक म्हणाले. असेलही. पण त्या घरात अण्णाची इच्छा काय होती हे ठाऊक असलेली माणसं दोनच होती, त्यातलं एक गेलं होतं, आणि दुसऱ्यासमोर कुणी म्हणत होतं की इच्छा राहिली नाही.

ठेकेदाराने छपरी घातली. झोपाळे लावले. काही वर्षं रविवारी गर्दी व्हायची. माझ्या शाळेचीही सहल एकदा तिकडे गेली, मी त्या दिवशी रजा घेतली. पुढे लोकांना दुसरीकडे जायला आवडू लागलं, छपरी गळू लागली, आणि एका पावसाळ्यात पुराने ती नेली. ठेकेदार पुन्हा आला नाही. तेव्हा मला वाटलं होतं, आता सुरय परत येतील. दोन चैत्र मी पुलावर उभी राहून पाहिलं.

अक्का पुढे पुष्कळ जगली. आमचं येणंजाणं होतं, सणावारी जेवणं होती, ती आजारी पडली तेव्हा मी तिचं केलं. दर कनूला ती गच्चीवर पान ठेवायची. भाऊ नसताना कुणासाठी ठेवतेस असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "त्याच्यासाठीच. जिथे असेल तिथे." मी तिच्याबरोबर कधी ठेवलं नाही. या गोष्टीबद्दल आम्ही पुन्हा एक अक्षर बोललो नाही, आणि त्यावरून तिने मला माफ केलं की मी तिला, हे मला माहीत नाही. बहुधा कुणीच केलं नाही.

आता नदीचं पाणी काळं आहे. तिट्टू तिथेच आहे, थोडा उत्तरेला सरकलेला. त्यावर काटेरी झुडपं वाढली आहेत आणि कावळे आहेत. सुरय नाहीत. अक्का नाही, भावोजी नाहीत. मी आहे.